एक ‘उतरणे’ आणि इंग्रजीतले अनेक शब्द: ‘अलाइट’ कुठे वापरावा, कुठे टाळावा

काही वर्षांपूर्वी मुंबईहून गोव्याच्या देवदर्शनाला येणाऱ्या एका मंडळासाठी मी सूचनापत्रक लिहून दिले होते. मंडळात परदेशात वाढलेली मुले होती, म्हणून ते इंग्रजीतही हवे होते. मूळ मराठी वाक्य अगदी साधे होते: ‘मंगेशीला बसमधून उतरल्यावर सर्वांनी तळीजवळ थांबावे.’ उतरण्यासाठी ‘अलाइट’ हा भारदस्त शब्द मला ठाऊक होता, तो वापरायची हौसही होती, आणि मी लिहिले: ‘व्हेन द बस इज अलाइट, प्लीज वेट निअर द टँक.’ पत्रक हातात पडताच एका मुलीने मला बाजूला घेऊन विचारले, “काका, बसला आग लागणार आहे का?” मी लिहिलेल्या वाक्याचा अर्थ खरोखरच ‘बस पेटलेली असेल तेव्हा तळीजवळ थांबा’ असा होत होता, आणि पाण्याजवळच थांबायला सांगितल्यामुळे तो अर्थ अधिकच पटण्यासारखा झाला होता.

हा घोटाळा एका शब्दापुरता नाही. मराठी माणूस ‘उतरणे’ या एका क्रियापदावर घोड्यापासून विमानापर्यंत सगळा प्रवास निभावून नेतो, तर इंग्रजीत वाहन कोणते, प्रसंग कोणता आणि बोलणारा कोण हे पाहून शब्द बदलतो. गोव्यात हॉटेल, टॅक्सी, बोट, विमानतळ अशा ठिकाणी काम करणाऱ्या आपल्या लोकांना हा शब्द दिवसातून अनेकदा लागतो, कधी बोलायला, कधी पाटीवर लिहायला. म्हणून तो टप्प्याटप्प्याने नीट समजून घ्यावा.

आधी आपले ‘उतरणे’ तपासावे

इंग्रजी शब्द शोधण्याआधी मराठी वाक्यातले ‘उतरणे’ खरोखर वाहनाचेच आहे का, हे पाहणे ही पहिली पायरी आहे. ताप उतरतो, नशा उतरते, चेहरा उतरतो, भाव उतरतात; या सर्वांना इंग्रजीत वेगवेगळी क्रियापदे आहेत आणि त्यांपैकी कशाचाही ‘अलाइट’शी संबंध नाही. एवढी चूक सहसा कोणी करत नाही. चूक होते ती पाहुण्यांच्या बाबतीत. ‘आपण कुठे उतरला आहात?’ हा आपला नेहमीचा प्रश्न मुक्कामाचा आहे, आणि त्याचे इंग्रजी ‘व्हेअर आर यू स्टेइंग?’ असे होते. स्वागतकक्षातल्या मुलाने त्याऐवजी ‘व्हेअर डिड यू गेट डाउन?’ असे विचारले, तर पाहुणा फार तर रेल्वे स्थानकाचे नाव सांगेल.

जाता जाता एक गंमत नोंदवतो. मराठीत प्रवाशालाच ‘उतारू’ म्हणतात. तो चढतोही, पण नाव मात्र त्याच्या उतरण्यावरून पडले आहे. कोकणीत तेच क्रियापद ‘देंवप’ असे आहे, आणि थांबा जवळ आला की कंडक्टर ‘देंवपी कोण आसा?’ असे विचारतो. पद सोडणाऱ्या मंत्र्याला आपण ‘पायउतार झाला’ म्हणतो, त्यातही स्वारीवरून पायांवर येण्याचेच चित्र आहे. या चित्राचा पुढे उपयोग होणार आहे.

मग वाहन पाहावे: ‘ऑफ’ की ‘आउट ऑफ’

रोजच्या बोलण्यात इंग्रज माणूस ‘अलाइट’ म्हणत नाही. तो ‘गेट ऑफ’ किंवा ‘गेट आउट ऑफ’ म्हणतो, आणि या दोहोंतला भेद पक्का झाल्याशिवाय पुढच्या शब्दांकडे वळण्यात अर्थ नाही.

भेद लक्षात ठेवण्याची खूण सोपी आहे. ज्या वाहनात ताठ उभे राहून दोन पावले चालता येते, त्याला ‘ऑफ’ लावावे. बस, रेल्वे, विमान, जहाज आणि आपली फेरीबोट ही सगळी या गटातली आहेत. ज्या वाहनात वाकून शिरावे लागते आणि शिरल्यावर बसूनच राहावे लागते, त्याला ‘आउट ऑफ’ लावावे. मोटार, टॅक्सी, रिक्षा आणि लहान होडी या गटात येतात. तिसरा गट खोगिराचा किंवा सीटचा, म्हणजे ज्यावर टांग टाकून बसतात त्यांचा: घोडा, सायकल, मोटारसायकल. यांनाही ‘ऑफ’ लागते, कारण आपण त्यांच्या आत नसतोच, वर असतो.

गोव्यात हा तिसरा गट विशेष महत्त्वाचा आहे. भाड्याने मागच्या सीटवर माणूस नेणाऱ्या मोटारसायकलवाल्याला येथे ‘पायलट’ म्हणतात, आणि हे ठाऊक नसलेला पर्यटक ‘टेक अ पायलट’ हा सल्ला ऐकून विमानाचा विचार करू लागतो. पायलटच्या गाडीवरून उतरण्याला ‘गेट ऑफ द बाइक’ म्हणावे. ‘गेट आउट ऑफ द बाइक’ हे ऐकणाऱ्याला विनोदी वाटते. याच गटासाठी लेखी, औपचारिक शब्द ‘डिसमाउंट’ हा आहे, आणि वर सांगितलेले ‘पायउतार’चे चित्र त्याला तंतोतंत जुळते. अरुंद पुलावर किंवा गर्दीच्या धक्क्यावर सायकलस्वारांनी उतरून सायकल हातात धरून चालावे, अशी सूचना द्यायची असेल तर ‘सायक्लिस्ट्स, प्लीज डिसमाउंट’ हेच योग्य आहे. तेथे ‘अलाइट’ चालणार नाही असे नाही, पण ते जुन्या कथेतल्या घोडेस्वारासारखे वाटते.

आता ‘गेट डाउन’. भारतातल्या बहुतेक भाषांत उतरणे म्हणजे खाली येणे असल्यामुळे ‘आय विल गेट डाउन ॲट म्हापसा’ हे आपल्याकडे सर्रास बोलले जाते आणि समजलेही जाते. आपापसांत ते बोलण्यास माझी हरकत नाही. परंतु ब्रिटिश किंवा अमेरिकी माणसाला ‘गेट डाउन’ म्हटले की शिडीवरून, झाडावरून किंवा भिंतीवरून खाली येणे आठवते, आणि तेच शब्द मोठ्याने ओरडून म्हटले तर ‘खाली वाका, जमिनीवर पडा’ असा धोक्याचा इशारा वाटतो. धक्क्याला टेकणाऱ्या बोटीवरच्या खलाशाने घाईने ‘गेट डाउन! गेट डाउन!’ असे ओरडावे आणि उतरण्याऐवजी परदेशी प्रवाशांनी डोकी झाकून खाली बसावे, हे अशक्य नाही. पाटीवर आणि उद्घोषणेत तरी हा प्रयोग टाळावा.

‘अलाइट’: जन्म, उच्चार आणि बांधणी

‘अलाइट’चे स्पेलिंग ए-एल-आय-जी-एच-टी असे आहे आणि उच्चारात जोर ‘लाइट’वर पडतो. वाहनातून उतरण्याच्या अर्थाचा हा शब्द जुन्या इंग्रजीपासून चालत आला आहे, आणि त्याच्या पोटातला ‘लाइट’ हा दिव्याचा नसून हलकेपणाचा आहे. स्वार खाली उतरला की घोड्याच्या पाठीवरचे ओझे हलके होते. त्या हलके करण्यातून उतरण्याचा अर्थ आला. ‘पेटलेला’ या अर्थाचे ‘अलाइट’ मात्र वेगळ्या वाटेने आले आहे. त्यातला ‘लाइट’ उजेडाचा आणि जाळाचा आहे. दोन वेगळ्या घरांतली ही मुले दिसायला जुळी आहेत, आणि माझ्या पत्रकातला अनर्थ त्यांच्या सारखेपणामुळेच झाला.

दोघांना वेगळे ओळखण्याची खूण व्याकरणात आहे. उतरण्याचे ‘अलाइट’ क्रियापद आहे, म्हणून त्याचा कर्ता सहसा जिवंत असतो आणि ते स्वतःच क्रिया दाखवते: ‘पॅसेंजर्स अलाइट’. पेटण्याचे ‘अलाइट’ विशेषण आहे, म्हणून ते ‘इज’, ‘वॉज’ किंवा ‘सेट’ यांच्यानंतर येते: ‘द हट वॉज अलाइट’, ‘दे सेट द ड्राय ग्रास अलाइट’. तेव्हा ‘बस’ कर्ता करून तिच्यापुढे ‘इज अलाइट’ लिहिले की आग लागलीच म्हणून समजावे.

क्रियापद म्हणून वापरताना तीन शब्दयोगी शब्द सांभाळावे लागतात. वाहनासाठी ‘फ्रॉम’ येतो, ठिकाणासाठी ‘ॲट’ येतो, आणि तेथून पुढे जिथे जायचे त्यासाठी ‘फॉर’ येतो. हे क्रियापद अकर्मक असल्यामुळे ‘अलाइट द बस’ असे थेट कर्म जोडता येत नाही. ‘अलाइट फ्रॉम द बस’ असेच लिहावे. भूतकाळी रूप ‘अलाइटेड’ असे आहे. ‘अलिट’ हे दुसरे रूप साहित्यात भेटते, पण सूचनाफलकावर ते नको.

‘ॲट’ आणि ‘फॉर’ यांचा भेद शिकायला गोव्याइतकी सोयीची जागा नसेल. आपल्या राजधानीला रेल्वे स्थानक नाही. कोकण रेल्वेने मुंबईहून आलेल्या माणसाला पणजीला जायचे असेल तर तो जुन्या गोव्याजवळच्या करमळीला उतरतो, आणि म्हापशाला जायचे असेल तर थिवीला. पोहोचायचे एका ठिकाणी आणि उतरायचे दुसऱ्याच ठिकाणी, अशी ही स्थिती असल्यामुळे इंग्रजी वाक्य असे होते: ‘पॅसेंजर्स फॉर पणजी शुड अलाइट ॲट करमळी.’ येथे ‘अलाइट ॲट पणजी’ असे लिहिणारा माणूस व्याकरणात पास होईल, पण प्रवासी मडगावपर्यंत गाडीतच पणजीची वाट पाहत राहील. लंडनच्या भुयारी रेल्वेत ‘अलाइट हिअर फॉर’ या शब्दांनी सुरू होणाऱ्या घोषणा ऐकू येतात, त्यांतही हाच ‘फॉर’ आहे: येथे उतरा, म्हणजे अमुक स्थळी जाता येईल.

‘ऑन’ लावला की अर्थ आणखी बदलतो. ‘अलाइट ऑन’ म्हणजे पाखरू अलगद येऊन बसणे. रायबंदरहून फेरीबोटीने चोडणला गेले की धक्क्यापासून जवळच सलीम अली पक्षी अभयारण्याची खारफुटी लागते. ओहोटीच्या वेळी तेथे उभे राहिले तर एकाच शब्दाचे दोन्ही अर्थ समोर दिसतात: बोटीचा पुढचा फाळका साखळ्यांच्या आवाजात काँक्रीटच्या उतारावर टेकतो, माणसे पायातल्या चपला सावरत ओल्या उतारावर ‘अलाइट’ होतात, आणि पलीकडे चिखलातून वर आलेल्या मुळावर एक खंड्या, मुळाला हिसका न देता, ‘अलाइट’ होतो. माणसांसाठी ‘फ्रॉम द फेरी’, खंड्यासाठी ‘ऑन द रूट’.

‘डिसेम्बार्क’ आणि त्याची भावंडे

‘डिसेम्बार्क’ हा मुळात नावेचा शब्द आहे. त्यातला ‘बार्क’ म्हणजे होडी किंवा गलबत. फ्रेंचमार्गे तो इंग्रजीत सोळाव्या शतकात आला, आणि पोर्तुगीजमध्ये त्याचा सख्खा भाऊ ‘देझेंबार्कार’ आजही रोजच्या वापरात आहे. घरात पोर्तुगीज जाणणारे वडीलधारे असतील, तर त्यांच्याकडून हा शब्द समजून घ्यावा. पाठांतराची गरज उरणार नाही. जहाजातून उतरणे या अर्थाने तो मुरगाव बंदराला लागणाऱ्या पर्यटक जहाजांसाठी अचूक आहेच, पण जहाजाची बरीच परिभाषा विमानाने उचलली, तसा हाही शब्द विमानात गेला. दाबोळीला किंवा २०२३ च्या जानेवारीपासून प्रवासी सेवेत असलेल्या मोपाच्या मनोहर विमानतळावर काम करणाऱ्याने हा शब्द बिनधास्त वापरावा. बस आणि रेल्वेसाठी तो थोडा जड पडतो. तेथे ‘अलाइट’ बरे.

जहाजाच्या बाबतीत गोमंतकीयांनी आणखी एक भेद पाळावा. प्रवासी ‘डिसेम्बार्क’ करतो, परंतु जहाजावर नोकरी करणारा तारवटी करार संपवून घरी परततो तेव्हा तो ‘साइन ऑफ’ करतो, आणि बंदरात चार तास फिरायला उतरतो तेव्हा ‘गोज अशोर’. नोकरीच्या अर्जात ‘आय डिसेम्बार्क्ड इन मार्च’ असे लिहिणाऱ्याचा अनुभव वाचणाऱ्याला प्रवाशाचा वाटतो, खलाशाचा वाटत नाही.

‘डीबोर्ड’वर आपल्याकडे वाद होतो. ‘बोर्ड’चा विरुद्धार्थी शब्द ब्रिटिश परंपरेत ‘अलाइट’ हा आहे. रूपाने ही जोडी जुळत नाही, म्हणून भारतीयांनी ‘पोस्टपोन’ला ‘प्रीपोन’ जोडला त्याच सरळ तर्काने ‘बोर्ड’ला ‘डीबोर्ड’ जोडला गेला. विमानांतल्या घोषणांत तो आहे, आणि रेल्वेत चढता-उतरता झालेल्या अपघाताच्या भरपाईविषयीच्या २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानेही ‘बोर्डिंग ऑर डी-बोर्डिंग’ असेच शब्द वापरले आहेत. चढताना किंवा उतरताना झालेली इजा किंवा मृत्यू ही भरपाईस पात्र घटना ठरते, आणि केवळ प्रवाशाच्या निष्काळजीपणाचा मुद्दा काढून भरपाई नाकारता येत नाही, असे तो निकाल सांगतो. तेव्हा हा शब्द चुकीचा म्हणून कोणी हिणवले तर ऐकून घेऊ नये. माझे मत एवढेच आहे की वाचणारा परदेशी असेल तर ‘डिसेम्बार्क’ लिहावे, कारण ते कोणालाही अडत नाही.

बाकीचे शब्द थोडक्यात आटोपतात. ‘डीप्लेन’ फक्त विमानाचा, अमेरिकी वळणाचा. ‘डीट्रेन’ रेल्वेचा आणि ‘डीबस’ बसचा. दोन्हींना लष्करी वास आहे. जवानांची तुकडी स्थानकावर उतरते तेव्हा ते शोभतात, कुटुंबाच्या सहलीला शोभत नाहीत.

कोण उतरतो आणि कोण उतरवतो

मराठीत ‘उतरणे’ आणि ‘उतरवणे’ अशी जोडी आहे. इंग्रजीत ‘अलाइट’ला तशी जोडी नाही, म्हणून ‘द ड्रायव्हर अलाइटेड द पॅसेंजर्स’ हे वाक्य होऊच शकत नाही. एका जेटीवर मी ‘पॅसेंजर्स विल बी अलाइटेड वन बाय वन’ अशी पाटी पाहिली आहे. ‘उतरवले जाईल’चे ते शब्दशः रूपांतर होते. चालकाच्या किंवा वाहनाच्या बाजूने सांगायचे तर कायद्याचा शब्द ‘सेट डाउन’ आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात कंत्राटी वाहनाच्या व्याख्येत, वाटेत प्रवासी घेणे आणि उतरवणे यासाठी ‘पिक अप ऑर सेट डाउन’ हीच जोडी आहे. बोलताना ‘ड्रॉप ऑफ’ पुरेसा आहे: ‘आय विल ड्रॉप यू ऑफ ॲट द जेटी’. ‘डिसेम्बार्क’ मात्र दोन्हीकडे चालतो. प्रवासी स्वतः उतरतात आणि जहाज प्रवाशांना उतरवते, दोन्हींसाठी.

तोंडी बोलताना

आतापर्यंतचे सगळे शब्द अर्थाने बरोबर असले तरी समोरच्याला ते कसे लागतात, हेही पाहावे लागते. टॅक्सी थांबवून चालकाने ‘गेट आउट हिअर’ म्हटले, तर ‘आउट ऑफ’चा नियम पाळला जातो, पण पाहुण्याला हाकलून दिल्यासारखे वाटते, कारण एकट्या ‘गेट आउट’चा अर्थ ‘चालते व्हा’ असा आहे. ‘गेट ऑफ!’ हेही तसेच तोडून टाकणारे आहे. मराठीत ‘उतरा’ला आदरार्थी प्रत्यय असल्यामुळे तो एकटा पुरतो. इंग्रजी आज्ञार्थाला तो आधार नाही. म्हणून इंग्रज चालक उतरण्याचे क्रियापद गाळून टाकतो आणि ‘हिअर वी आर’ किंवा ‘धिस इज युवर स्टॉप’ एवढेच म्हणतो. आपल्या कंडक्टरांनी, पायलटांनी आणि रिक्षाचालकांनी हे दोन तुकडे तोंडी बसवले, तर शंभरपैकी नव्वद वेळा काम भागेल. ‘प्लीज अलाइट नाउ’ हे तोंडी बोलू नये. ते ध्वनिमुद्रित घोषणेसारखे ऐकू येते.

पाटी किंवा पत्रक लिहिताना

लिहायला बसल्यावर मी आता पुढील क्रमाने जातो. कर्ता माणूस आहे की वाहन, हे आधी ठरवतो. मग वाहन पाहतो, आणि त्यानंतर मजकूर कायमच्या पाटीवर जाणार की कोणाच्या हातात पडणार, हे पाहतो. पाटीवर ‘अलाइट’ शोभते, हातातल्या कागदावर ‘गेट ऑफ’ जवळचे वाटते. शेवटी वाक्याचा दुसरा भाग पहिल्याला जुळतो का, हे तपासतो, कारण खरा खड्डा तेथे असतो.

त्या मंगेशीच्या पत्रकाची दुरुस्ती करताना याच खड्ड्यात मी दुसऱ्यांदा पडलो होतो. आग विझवण्यासाठी मी लिहिले: ‘आफ्टर अलाइटिंग फ्रॉम द बस, द टँक इज ऑन युवर लेफ्ट.’ ‘फ्रॉम’ आला, ‘बस’ कर्त्याच्या जागेवरून हटली, आणि मी समाधानाने कागद त्याच मुलीपुढे धरला. तिने तो वाचला आणि म्हणाली, “आता आग नाही, पण तळी बसमधून उतरते आहे.” इंग्रजीत ‘-इंग’ रूप असलेल्या अशा तुकड्याचा कर्ता पुढच्या भागाचा कर्ता असतो, आणि माझ्या वाक्यात पुढे तळीच उभी होती. मराठीत ‘उतरल्यावर तळी डावीकडे आहे’ म्हटले तर कोणाचाही गैरसमज होत नाही, त्यामुळे ही चूक आपल्याला आतून जाणवत नाही. ती मुद्दाम शोधावी लागते. उपाय एवढाच की पुढच्या भागात माणूस आणावा: ‘आफ्टर अलाइटिंग फ्रॉम द बस, यू विल सी द टँक ऑन युवर लेफ्ट.’

शेवटी छापले गेले ते वाक्य तिनेच सांगितले, आणि त्यात ‘अलाइट’ नव्हते: ‘व्हेन यू गेट ऑफ द बस, प्लीज वेट फॉर अस निअर द टँक.’